खोल पावडर आणि डोंगरासाठी स्नोमोबाईल कशी निवडावी: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तीन प्रकारच्या मंडळींसाठी आहे. एक, गुलमर्गला स्नो बाईकवर बसून आलेले आणि आता स्वतः चालवायचीच असं ठरवलेले. दुसरे, ठाणे-डोंबिवलीहून कॅलगरी किंवा डेन्व्हरला नोकरीला गेलेले आणि पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसात स्लेडच्या (स्नोमोबाईलला तिकडे हेच म्हणतात) गप्पा ऐकणारे. तिसरे, सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेले, डर्ट बाईक चालवणारे, ज्यांना एकदा तरी कमरेएवढ्या ताज्या बर्फात गाडी घालायची आहे. तिघांचाही पहिला प्रश्न एकच असतो: इंजिन किती सीसीचं घ्यावं? माझ्या मते तो प्रश्न बराच मागून यायला हवा. आधी ट्रॅक, मग वजन, मग तुमची स्वतःची शरीरयष्टी, आणि त्यानंतर इंजिन. खाली साधारण त्याच क्रमाने लिहिलं आहे.

साधी स्नोमोबाईल आणि डोंगरी स्नोमोबाईल यांत नेमका फरक काय?

सगळ्या स्नोमोबाईल पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा रबरी ट्रॅक अशाच असतात, त्यामुळे फोटोत फरक कळत नाही. तयार केलेल्या वाटेवर पळणाऱ्या गाडीचा ट्रॅक साधारण १२० ते १३७ इंचांचा असतो, त्यावरचे रबरी दात सव्वा इंचाच्या आसपास, आणि पुढच्या दोन स्कींमधलं अंतर ४२-४३ इंच. म्हणजे गाडी बसकी, रुंद, वळणावर न कलंडणारी.

डोंगरी गाडीत हे सगळं उलटं होतं. ट्रॅक १४६ ते १७५ इंच, रुंदी १५ किंवा १६ इंच, दात अडीच ते तीन इंचांचे, आणि स्कींमधलं अंतर ३४ ते ३८ इंचांवर आणलेलं. हे अंतर मुद्दाम कमी ठेवतात, कारण डोंगरउतारावर आडवं जाताना गाडी एका कुशीवर कलवून चालवावी लागते. रुंद गाडी कलत नाही आणि न कललेली गाडी उताराच्या दिशेने घरंगळते.

तिसरा प्रकार कामाच्या गाड्यांचा, म्हणजे युटिलिटी. ट्रॅक २० किंवा २४ इंच रुंद, दोन माणसं बसतील अशी लांब सीट, मागे सामान ओढायची सोय. पर्यटनाच्या ठिकाणी राईडसाठी याच जातीच्या गाड्या जास्त दिसतात. त्या बर्फात बुडत नाहीत, पण वळवायला जड. त्यांच्यावरच्या अनुभवावरून डोंगरी गाडीचा अंदाज बांधू नका.

ट्रॅकची लांबी किती घ्यावी?

निवडीतला सगळ्यात मोठा निर्णय हाच. कंपन्या जी लांबी सांगतात ती पूर्ण गोल ट्रॅकची असते, जमिनीला टेकणाऱ्या भागाची नाही. बाजारात मुख्यतः १४६, १५४-१५५, १६३-१६५ आणि १७४-१७५ अशा चार पायऱ्या आहेत.

पावडरमध्ये, म्हणजे ताज्या, मऊ, कोरड्या बर्फात, गाडी दोन कारणांनी वर राहते. तिचं वजन मोठ्या क्षेत्रावर पसरलेलं असतं, आणि ट्रॅक सतत फिरत असतो. वेग कमी झाला की दुसरं कारण संपतं आणि सगळा भार पहिल्यावर येतो. म्हणूनच लांब ट्रॅकचा खरा उपयोग जोरात पळताना नसतो, हळू चालताना असतो: झाडांमधून वाट काढताना, चढावर थांबून पुन्हा निघताना, पुढचा अडकला म्हणून तुम्हालाही रेंगाळावं लागतं तेव्हा. नवा माणूस सगळ्यात जास्त याच वेगात असतो.

मग सरसकट १७५ का घेऊ नये? कारण ती वळत नाही. लांब ट्रॅक सरळ जायला बघतो, आणि दाट झाडीत सरळ जाणारी गाडी म्हणजे संकट. १४६ उडी मारायला, झाडांमध्ये नाचवायला उत्तम, पण ती चालवणाऱ्याचा हात तयार लागतो आणि खोल बर्फात ती लवकर बुडते. माझा सल्ला सरळ आहे. तुमचं वजन ८० किलोच्या आत असेल तर १५४ किंवा १५५. ९० च्या पुढे असाल, किंवा कायम खूप खोल आणि कोरड्या बर्फात जाणार असाल, तर १६३-१६५. मधल्यांनी जिथे जायचं तिथला बर्फ विचारून ठरवावं. १७५ पहिल्या गाडीसाठी नको.

वजन धरताना अंगावरचं सामान धरा. हेल्मेट, बूट, पाठीवरची बॅग मिळून सहज दहा-बारा किलो होतात. टाकी गाडीनुसार ३५ ते ४५ लिटरची असते आणि ४० लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास ३० किलो. जाहिरातीत दिलेलं गाडीचं वजन कोरडं असतं, म्हणजे पेट्रोल, ऑइल, कूलंट काहीही न धरता. २०० किलोची म्हणून घेतलेली गाडी सकाळी निघताना तुमच्यासकट सव्वातीनशे-साडेतीनशे किलो भरते.

दात जितके लांब तितकं चांगलं का?

नाही. तीन इंची दात मऊ, कोरड्या, खोल बर्फात वल्ह्यासारखे बर्फ मागे ढकलतात, पण ते फिरवायला इंजिनात ताकद लागते. कमी ताकदीच्या इंजिनाला तीन इंची ट्रॅक लावला तर गाडी जिथल्या तिथे खड्डा खणते. अडीच-पावणेतीन इंच बहुतेकांना पुरतात. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ बसून घट्ट झाला की फरक आणखी कमी जाणवतो.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. डोंगरी गाडी थंड होते ती बर्फामुळे. ट्रॅकने उडवलेला बर्फ कूलरवर पडतो, आणि ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांनाही बर्फाचंच वंगण मिळतं. दाबून कडक केलेल्या वाटेवर किंवा बर्फ विरळ असलेल्या रस्त्यावर हे दोन्ही बंद होतं. इंजिन तापतं, पट्ट्या वितळतात, लांब दात तुटतात. यासाठी त्या पट्ट्या जिच्यावर बसतात त्या रेलला स्क्रॅचर लावतात. ते वाट खरवडून थोडा बर्फ वर उडवत राहतात. डोंगरापर्यंत पोहोचायची वाट लांब आणि कडक असेल तर स्क्रॅचर आधी लावून घ्या.

बरं, आता इंजिन. ६०० की ८५०? टर्बो लागतो का?

उंची वाढली की हवा विरळ होते आणि टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद गमावतं. हा हिशेब प्रत्यक्ष करून बघा. समुद्रसपाटीला १६५ अश्वशक्ती देणारं ८५० सीसीचं इंजिन गुलमर्गच्या उंचीवर, म्हणजे सुमारे २,६५० मीटरवर, १२० च्या आसपास येतं. ४,००० मीटरवर ते शंभराला टेकतं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. गुलमर्गचं मैदानच त्याच्या हजार मीटर वर सुरू होतं, यावरून कल्पना यावी.

टर्बो ही तूट भरून काढतो. स्की-डू या ब्रँडने २०२० च्या मॉडेल वर्षात कंपनीतूनच टर्बो बसवलेलं पहिलं टू-स्ट्रोक स्नोमोबाईल इंजिन आणलं, आणि ८,००० फुटांपर्यंत १६५ अश्वशक्ती टिकते असा दावा केला. पुढे पोलारिस कंपनीने पॅट्रियट बूस्ट हे टर्बो इंजिन आणलं. दोन्ही जबरदस्त इंजिनं आहेत. तरीही कोलोराडोसारख्या तीन हजार मीटरच्या वरच्या प्रदेशात राहत नसाल, तर पहिल्या गाडीला टर्बो घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. ब्रिटिश कोलंबियातलं बरंचसं राइडिंग २,५०० मीटरच्या आत होतं. तिथे साधं ८५० भरपूर आहे आणि नव्या माणसाला तेही जास्तच. अंगठा जरा जास्त दाबला गेला की गाडी झाडाकडे झेपावते, आणि टर्बोत तो क्षण आणखी लहान होतो.

६०० सीसीच्या वर्गाला कोणी कमी लेखू नये. हलका चालक, मध्यम खोल बर्फ, शिकायचे दिवस, यांना ती पुरते आणि किंमतही कमी असते.

टू-स्ट्रोक अजून चालतं? आपल्याकडे तर केव्हाच बंद झालं.

आरएक्स १०० चालवलेल्या पिढीला याचा आनंद होईल: डोंगरी स्नोमोबाईलमध्ये आजही टू-स्ट्रोकचंच राज्य आहे. कारण वजन. तेवढीच ताकद देणारं फोर-स्ट्रोक बरंच जड पडतं आणि ते वजन नेमकं पुढे, स्कींवर येतं, जिथे ते सगळ्यात नको असतं. आताची इंजिनं इंधन इंजेक्शनची आहेत. ऑइल वेगळ्या टाकीतून आपोआप मिसळतं, आणि उंचीप्रमाणे मिश्रण कॉम्प्युटर बदलतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत उंची बदलली की जेट बदलावे लागतात. स्वस्तात मिळाली म्हणून ती घेणाऱ्याने हे काम शिकायची तयारी ठेवावी.

फोर-स्ट्रोकचा मोठा आधार यामाहा होती. २०२५ च्या मॉडेलनंतर स्नोमोबाईलचा धंदा बंद करायचं तिने जाहीर केलं. जुनी यामाहा दणकट असते, पण खोल पावडरसाठी मी सुचवणार नाही.

कुठली कंपनी घ्यावी?

डोंगरी गाड्यांत नावं मोजकीच आहेत. कॅनडात क्वेबेकमधल्या व्हॅलकूरची स्की-डू, जिची पहिली गाडी जोसेफ-अर्मांड बोंबार्डिए यांनी १९५९ मध्ये बाजारात आणली. तिची डोंगरी मालिका समिट. मिनेसोटातल्या रोझोची पोलारिस, तिची आरएमके मालिका. त्याच राज्यातल्या थीफ रिव्हर फॉल्सची आर्क्टिक कॅट, जिच्या अल्फा वन गाडीत मागे दोनऐवजी एकच रेल असते, त्यामुळे गाडी कलवायला फार सोपी जाते. आर्क्टिक कॅट २०२५ मध्ये टेक्स्ट्रॉनकडून नव्या मालकांकडे गेली. युरोपात फिनलंडच्या रोव्हानिएमीची लिंक्स आहे. ती स्की-डूच्याच कंपनीची, आणि तिची श्रेडर खोल बर्फासाठीच बनवलेली आहे.

यांच्यात भांडणं लावण्यात मला रस नाही. सगळ्या गाड्या आज उत्तम आहेत. तुम्ही जिथे राहता किंवा जाता तिथून सगळ्यात जवळचा, सुटे भाग कपाटात ठेवणारा डीलर ज्या कंपनीचा, ती तुमची कंपनी. फेब्रुवारीत क्लच बिघडला आणि भाग यायला तीन आठवडे लागले तर हंगाम संपला.

माझी उंची पाच फूट एक इंच, वजन ५२ किलो. मला झेपेल का?

झेपेल, ताई. हा खेळ ताकदीपेक्षा तोलाचा जास्त आहे. मात्र मोठ्या माणसांसाठी बनवलेली ८५० घेऊन सुरुवात करू नका. तिचं हँडल उंच असतं, पाय ठेवायच्या पट्ट्यांवर, म्हणजे रनिंग बोर्डवर, पाय रुंद पडतात आणि अडकली की एकटीने हलवता येत नाही. स्की-डूची समिट निओ आणि आर्क्टिक कॅटची ब्लास्ट या मध्यम आकाराच्या गाड्या आहेत. त्यांचं सगळं माप थोडं लहान, ताकद सौम्य. काही जण त्यांना मुलांच्या गाड्या म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका. हँडलची उंची बदलता येते का ते विचारा, आणि उभं राहून चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. डोंगरात बहुतेक वेळ उभ्यानेच चालवायचं असतं.

मी पंधरा वर्षं बुलेट आणि डर्ट बाईक चालवतोय. त्याचा फायदा होईल ना?

तोल, नजर आणि धीर यांचा होईल. हाताच्या सवयींचा त्रास होईल. इथे थ्रॉटल मनगटाने पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. ब्रेक डाव्या हाताला. गिअर नाहीत, बेल्टवर चालणारा सीव्हीटी आहे, आपल्या स्कूटरच्या तत्त्वावरचा. आणि खोल बर्फात वळण स्कींनी होत नाही, शरीराने होतं. डावीकडे जायचं तर डाव्या रनिंग बोर्डवर वजन टाकून गाडी त्या कुशीवर ओढायची, हँडल किंचित उजवीकडे, आणि अंगठ्याने ट्रॅक फिरता ठेवायचा. उतारावर आडवं जाताना हेच सतत करावं लागतं. त्याला साइडहिल म्हणतात, आणि ते जमेपर्यंत डोंगरात जाण्यात अर्थ नाही.

डर्ट बाईकवाल्यांनी आणखी एक पर्याय बघावा. बाईकचं पुढचं चाक काढून एक स्की आणि मागे अरुंद ट्रॅक बसवायचे किट मिळतात. ४५० सीसीच्या बाईकवर ते छान चालतात, बाईक चालवणाऱ्याला एका दिवसात अंगवळणी पडतात आणि झाडीत कुठूनही निघतात. मोठ्या उघड्या चढावर मात्र ताकद कमी पडते.

भाड्याने घ्यावी की विकत?

मुंबईत राहून वर्षातून एकदा जाणाऱ्याने विकत घेऊ नये. भाडं, गाईड, विमान धरूनही ते स्वस्त पडतं, आणि दर वेळी वेगळी गाडी चालवता येते. तिकडे राहणाऱ्यांनीसुद्धा पहिला हंगाम भाड्यावर काढावा आणि १५४ व १६५ अशा दोन्ही गाड्या चालवून मग ठरवावं. दुकानात उभं राहून हा फरक कळत नाही. भाड्याची गाडी घेताना अनामत आणि नुकसानीची अट नीट वाचा. झाडाला लागून पुढची स्की धरणारा आर्म वाकणं हे नेहमीचं नुकसान आहे आणि त्याचं बिल बोचतं.

जुनी घेताना काय तपासायचं?

इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सहज चालू व्हायला हवं. मग कम्प्रेशन तपासून घ्या. दोन सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. ट्रॅकचे दात तुटलेले, फाटलेले आहेत का ते पूर्ण फिरवून बघा. गाडी मागून जमिनीशी डोळे नेऊन बघितली की टनेल सरळ आहे का कळतं. सीटखालचा, ट्रॅकवरचा तो लांब ॲल्युमिनियमचा भाग म्हणजे टनेल. तो वाकला असेल तर गाडी जोरात आपटलेली आहे. पुढच्या सस्पेन्शनचे आर्म जिथे सांगाड्याला जोडलेले असतात तिथे भेगा किंवा नवा रंग दिसला तर निघून या. बेल्टचं झाकण उघडायला सांगा. आत काळी भुकटी साचली असेल तर क्लचचं काम निघालेलं आहे.

किलोमीटरपेक्षा मालक कसा आहे ते महत्त्वाचं. डोंगरातले दोन हजार किलोमीटर वाटेवरच्या पाच हजारांपेक्षा कठीण असतात.

गुलमर्गला पावडरमध्ये चालवता येईल का?

पर्यटक म्हणून मिळते ती राईड ठरलेल्या वाटेवरची, बहुधा स्थानिक चालकाबरोबरची. गुलमर्गच्या वरच्या अफरवट शिखराच्या उतारावर गाडी घालायला मिळेल या कल्पनेने जाऊ नका. आजूबाजूला गुलमर्ग अभयारण्य आहे, कस्तुरीमृगाचं घर, आणि तिथे इंजिन नेणं बरोबरही नाही. गुलमर्ग खोल पावडरसाठी जगात ओळखलं जातं ते स्कीइंगमुळे. तिथल्या गंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा सुमारे ३,९८० मीटरवर सोडतो. राईड जरूर घ्या, थ्रॉटलचा हात कळतो. आणि शक्य असेल तर चालकदादांशी दहा मिनिटं बोला. बर्फाबद्दल ही माणसं जे सांगतात ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

तारखांबद्दल: २१ डिसेंबरपासूनचे चिल्लई कलांचे चाळीस दिवस सगळ्यात थंड असतात, पण बर्फाची हमी आता तेव्हाही नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. बर्फ आणणाऱ्या पश्चिमी विक्षोभाचा अंदाज बघूनच शेवटची बुकिंग करा.

खऱ्या डोंगरी राइडिंगसाठी मुंबईकराला बाहेरच जावं लागतं. ब्रिटिश कोलंबियात रेव्हलस्टोक, व्हॅलमाउंट, सिकामूस. अमेरिकेत मोंटानाचं कुक सिटी, वायोमिंगचं टोग्वोटी. मी पहिल्यांदा जाणाऱ्याला रेव्हलस्टोक सांगते. कॅलगरीपासून सुमारे ४०० किलोमीटर, गाईड मिळतात, आणि बोल्डर माउंटन व फ्रिस्बी रिज हे दोन्ही भाग स्थानिक स्नोमोबाईल क्लब सांभाळतो. कॅरिबू हरणांसाठी बंद ठेवलेले भाग नकाशावर बघा आणि त्यांत पाऊलही टाकू नका.

गाडी आयात करून काश्मीर किंवा लाहौलला ठेवली तर?

उत्साह समजतो, पण फायदा दिसत नाही. कस्टम्समध्ये बर्फावरच्या वाहनांचं शीर्षक ८७०३ १० आहे. त्यावरचं शुल्क आणि अटी कस्टम्स ब्रोकरकडून लेखी घ्या. रस्त्यावर चालवायला ही गाडी बनलेलीच नाही, म्हणजे ती ट्रेलरवरून न्यायची, आणि जिथे उतरवायची तिथल्या प्रशासनाची व वनखात्याची परवानगी आधी हवी.

पेट्रोलचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकन मॅन्युअलमध्ये लिहिलेलं ९१ ऑक्टेन आणि आपल्या पंपावरचं ९१ एकच नाही. मोजायची पद्धत वेगळी आहे. तिकडचं ९१ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९५, म्हणजे प्रीमियम पेट्रोल. शिवाय या इंजिनांना सहसा १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं आणि आपल्याकडे आता २० टक्के मिश्रण सर्रास मिळतं. टू-स्ट्रोक टर्बोत असं पेट्रोल घालून ४,००० मीटरवर नेणं म्हणजे पिस्टन घालवणं.

हिमस्खलनाची भीती किती खरी?

पूर्ण खरी, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. डोंगरी गाडी घेऊन ज्या उतारावर जावंसं वाटतं, तो हाच उतार. ८ फेब्रुवारी २०१० ला गुलमर्गजवळ खिलनमर्गला लष्कराच्या हाय ॲल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले. ज्यांचं रोजचं काम बर्फ आहे, ती ही माणसं होती. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीयर गेले.

स्नोमोबाईलवाल्याला धोका दोन कारणांनी वाढतो. पायी किंवा स्कीवर माणूस दिवसात तीन-चार उतार करतो, गाडीवर तीस-चाळीस होतात. आणि बर्फाचा थर खाली बसताना जो धप्प आवाज येतो, तो इशारा इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही. आवाजाने बर्फ सुटत नाही, वजनाने सुटतो. उघड्या उतारावर कोण जास्त वर जातं अशी चढाओढ हा या खेळातला सगळ्यात घातक प्रकार आहे, आणि माझी हात जोडून विनंती आहे की त्यात पडू नका.

प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला सिग्नलवरून शोधायचं उपकरण), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं. गाडीच्या बॅगेत नाही, अंगावर, कारण गाडी आणि माणूस वेगवेगळ्या ठिकाणी गाडले जातात. ट्रान्सीव्हर जगभर ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा चालतो. मोबाईल त्याच्यापासून २० सेंटिमीटर दूर ठेवा, शोधताना ५० सेंटिमीटर. गाडलेला माणूस जिवंत मिळण्याची चांगली शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते. तेवढ्यात बाहेरून मदत येत नाही. तुमचा सोबतीच तुम्हाला काढणार, म्हणून त्याला उपकरण वापरता येतं का हे निघण्याआधी बघा. एअरबॅग, म्हणजे हिमस्खलनात फुगून माणसाला वर ठेवणारी पाठीवरची बॅग, उपयोगी आहे, पण वरच्या तिन्हींनंतर.

धोक्याच्या उतारावर एका वेळी एकच गाडी. बाकीचे खाली, बर्फ येऊन थांबेल त्या पट्ट्याच्या बाहेर, इंजिन उताराच्या उलट दिशेला तोंड करून. वर कोणी अडकला तर दुसऱ्याने मदतीला चढायचं नाही. हे पाळणं सगळ्यात अवघड जातं, कारण आपल्याकडे मित्र अडकला की धावायचं असंच शिकवलेलं असतं.

कॅनडात अॅव्हलांच कॅनडाचं रोजचं पत्रक वाचा. या संस्थेचं मुख्यालय रेव्हलस्टोकमध्येच आहे. तिथला पायाभूत अभ्यासक्रम, एएसटी १, दोनेक दिवसांचा असतो. भारतात डीआरडीओची डीजीआरई ही संस्था इशारे देते. गाडीचं बजेट आणि हा अभ्यासक्रम यांतलं एकच परवडत असेल, तर अभ्यासक्रम.

कपडे कुठले?

मुंबईकर सगळ्यात जाड जॅकेट बांधून नेतो आणि तासाभरात घामाने भिजतो. खोल बर्फात गाडी चालवणं व्यायाम आहे. आतून लोकर किंवा सिंथेटिकचा पातळ थर, मधे हलकं फ्लीस, बाहेर पाणी न शिरणारं कवच. सुती बनियन आणि जीन्स घरी. गॉगल दोन, हातमोजे दोन जोड्या.

मुंबईत राहून तयारी कशी करू?

पायांवर काम करा. इमारतीचे जिने, स्क्वॉट्स, पावसाळ्यानंतर दर रविवारी कर्जत-कसाऱ्याकडे ट्रेक. अडकलेली गाडी काढणं म्हणजे फावड्याने खणणं आणि दोनशे किलो ओढणं, म्हणून पाठ आणि खांदे मजबूत हवेत. समुद्रसपाटीवरून थेट अडीच हजार मीटरवर गेलात तर पहिला दिवस आराम. डोकं दुखत असेल तर दुसराही.

सोबत काय ठेवायचं?

जादा बेल्ट, स्पार्क प्लग, लहान करवत, दोर, पाणी, खाणं, हेडलॅम्प. कॅनडा-अमेरिकेत सॅटेलाइट मेसेंजर अत्यावश्यक समजा, मोबाईलला रेंज नसते. भारतात मात्र असं उपकरण परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे आणि त्यावरून अटक झालेली आहे. परदेशातून आणलेलं गुलमर्गला नेऊ नका.

मुलाला मागे बसवून जाता येईल?

डोंगरी गाडीवर नाही. ती एका माणसाची आहे.

इलेक्ट्रिक?

वाटेवर, लहान अंतरासाठी ठीक. खोल बर्फात बॅटरीचं वजन आणि पल्ला दोन्ही आड येतात. माँट्रियलच्या टायगाने डोंगरी मॉडेल आणलं होतं, पण २०२४ मध्ये ती कंपनी कर्जापोटी न्यायालयाच्या संरक्षणात गेली.

विम्याचं काय?

भारतातल्या प्रवास विम्यात स्नोमोबाईल बऱ्याचदा वगळलेली असते. पॉलिसीत मोटारचलित हिवाळी खेळ आणि हेलिकॉप्टरने सुटका हे दोन्ही लिहिलेले आहेत का ते बघा. एजंटच्या तोंडी होकारावर जाऊ नका, ईमेल घ्या.

नवी घ्यायचीच असेल तर किती पैसे आणि कधी?

उत्तर अमेरिकेत नवी डोंगरी गाडी साधारण १५ ते २० हजार अमेरिकन डॉलर, टर्बो त्याच्याही वर. त्यात हेल्मेट, कपडे, ट्रान्सीव्हर, एअरबॅग, ट्रेलर वेगळे धरा. बहुतेक कंपन्या पुढच्या हंगामाच्या गाड्यांची नोंदणी मार्च-एप्रिलमध्ये घेतात. ट्रॅक आणि रंग हवा तसा तेव्हाच मिळतो. दुकानात उभी असलेली मागच्या वर्षीची गाडीही त्याच सुमारास स्वस्त होते, आणि ट्रॅक तुमच्या मापाचा असेल तर मी तीच घ्यायला सांगेन.